मागच्या चाकावरचा तडा

दादा,

तुमची गाडी पुन्हा निळी झाली आहे. तुम्ही तिला दिलेला हिरवा रंग, म्हणजे आपल्या घराच्या दारांना दिला होता तोच, मी पूर्ण उतरवला. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं, असं आई म्हणते. तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आहेत की वडिलांच्या परवानगीचा मुद्दा मी बाजूला ठेवला. मागची पडवी पाडून दुकानाचं गोदाम वाढवायचं ठरलं, तेव्हा ताडपत्रीखालच्या गाडीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. भंगारवाल्याने बॉनेटवर टिचकी मारली आणि विचारलं, "हिच्यात लोखंड किती?" चाकं आणि खालचा सांगाडा सोडला तर नाहीच, असं सांगितल्यावर तो चहा पिऊन निघून गेला. आई म्हणाली, "बरं झालं. मला तिच्यात बसून एकदा जामसरला जायचंय. पण अशी खरूज झालेल्या म्हशीसारखी नको नेऊस हं, नीट रंग दे." जामसरला ती तुमच्याबरोबर एकदाच गेली होती आणि परतताना मागच्या सीटवर आजारी वासरू असल्यामुळे तिला पुढे, औषधांच्या पेटीवर पाय घेऊन बसावं लागलं होतं. ती फेरी तिने अजून पूर्ण झालेली मानलेली नाही.

तुम्ही ही गाडी घेतली तेव्हा जव्हारच्या बाजारपेठेला एक करमणूक मिळाली होती. तिला साबणाची डबी म्हणत. तुमचं उत्तर ठरलेलं असे: इथल्या पावसात लोखंडाचा पत्रा चार वर्षांत चाळण होतो, फायबर गंजत नाही, आणि गुरांच्या डॉक्टरला मिरवायचं नसून पोहोचायचं असतं. पोहोचण्याची पद्धत मात्र गाडी बनवणाऱ्यांनी कल्पिलेली नव्हती. मी शाळेत असताना एका सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर आलो होतो. जामसरच्या अलीकडे ओहोळाच्या उतारावर गाडी चिखलात बसते. तुम्ही हॉर्न वाजवता, जरा थांबता, पुन्हा वाजवता. शेतातून माणसं येतात, भाताच्या चिखलाने पोटऱ्या भरलेली. तुम्ही उतरू लागता तर त्यांतला एक दाराला हात लावून म्हणतो, "ऱ्हावा आतच, डॉक्टर. तुमच्यापरास आमचा रेडा जड." आणि ते चाकांवरचे मडगार्ड धरून, आपल्या दोघांसकट, गाडी उचलून पलीकडे ठेवतात. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. तुमचे हात तेवढा वेळ स्टिअरिंगवर असतात, जणू तुम्हीच चालवत आहात.

त्यानंतरचा एक दिवस मला अधिक स्पष्ट आठवतो, कारण त्याचा मला राग आहे. बी.कॉम. होऊन मी रंगाचं दुकान काढलं, त्या दिवसाचा. मी पशुवैद्यक व्हावं ही तुमची इच्छा होती, ती माझ्या गुणांनी आधीच निकालात काढली होती. तुम्ही उद्घाटनाला आलात, डब्यांच्या रांगांमधून एकदा फिरलात, पेढा हातात तसाच धरून म्हणालात, "म्हणजे आता तू झाकणं विकणार." लोक हसले, मीही हसलो. तुमचा मुद्दा मला ठाऊक होता. जखम आधी उघडून स्वच्छ करायची, वरून खपली धरलेली जखम आत सडते, हे वाक्य मी तुमच्या तोंडून जेवतानासुद्धा ऐकलं होतं. त्या न्यायाने रंग म्हणजे खपली. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढची सगळी वर्षं गिऱ्हाइकांना देत राहिलो: ओल्या भिंतीवर रंग विकणार नाही, पापुद्रे खरवडल्याशिवाय विकणार नाही, रंग हे शेवटचं काम आहे, त्याआधीचं काम खरं. लोक मला चिकट म्हणतात. गाडी रंगवायला घेतली तेव्हा आईसाठी घेतली असं मी सर्वांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण तुम्हाला उत्तर द्यायचं होतं हेही तितकंच खरं होतं.

मोखाड्याहून पेंटर बोलावला. त्याने ठाण्याच्या गॅरेजांत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो निम्मं हिंदीत बोलतो आणि मला शेठ म्हणतो. पहिल्या दिवशी तो हातोडी आणि रंग उतरवायचं औषध घेऊन आला. मी दोन्ही परत पिशवीत ठेवायला लावलं. फायबरला पोचा येत नाही, ते तडकतं, म्हणून हातोडीला काम नाही. आणि लोखंडावरचा रंग उठवणारं औषध इथे रंगाबरोबर खालचं, फायबरला घट्ट धरणारं रेझिनही खातं. "मग काय हातानं घासायची, शेठ? पूरी गाडी?" "पूर्ण गाडी." "देवा! बायकोला सांगून येतो, दिवाळीला भेटू." पण घासली त्याने. पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. मीही दुकान दुपारी बंद ठेवून हात लावला. तुमचा हिरवा रंग ब्रशने दिलेला, खालचा निळा न खरवडता. तो काही ठिकाणी नखाने सोलला जात होता, काही ठिकाणी हट्टाने बसला होता. फायबरची धूळ कातडीत रुतते आणि आंघोळीनंतरही खाजवते. आईने आम्हा दोघांचे कपडे वेगळ्या बादलीत टाकायचा हुकूम काढला.

मागच्या डाव्या चाकावरच्या मडगार्डपाशी आवाज बदलला. नाण्याने ठोकत गेलं तर चांगलं फायबर खणखणीत बोलतं. इथे ते भिजल्या ढोलासारखं बोललं. हिरव्याखाली पुट्टीचा जाड उंचवटा होता आणि पुट्टीवर केसासारखी रेघ. पेंटरने वाकून पाहिलं. "जुनी मरम्मत हाय. छेडू नका. वरून एक हात मारतो, देव बी वळखायचा नाय." मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, "शेठ, इतकी साल टिकली ना?" मी पुन्हा म्हटलं, उघड. त्याने घासणीचं यंत्र लावलं. पुट्टीखाली वीतभर लांबीचा तडा निघाला, आणि मी आडवा होऊन आत हात घातला तर आतल्या बाजूला पेंडीच्या पोत्याचं गोणपाट रेझिनमध्ये बुडवून चिकटवलेलं. काचतंतूंची विणलेली फायबरची मॅट नव्हे, गोणपाट. आणि तेही खालची धूळ न पुसता. त्यात पाणी शिरलं होतं, ते कडेने काळं पडून सुटत आलं होतं.

मला जे वाटलं ते इथे जसंच्या तसं लिहितो. मला समाधान वाटलं. ज्या माणसाने माझ्या धंद्याला झाकण म्हटलं, त्याने स्वतः जखम न धुता वर चिंधी बांधली होती, वर पुट्टी, वर दाराचा रंग. तडा मला माहीत होता, म्हणजे त्याची गोष्ट माहीत होती: जामसरच्या वाटेवर गाडी दगडावर घासली, असं तुम्ही जेवताना सांगितलं होतं. तेव्हापासून चारचौघांत आई तुम्हाला, "एवढा मोठा डॉक्टर, पण दगड दिसत नाही," असं म्हणायची आणि तुम्ही ताटात बघत खाली मान घालायचात. मला वाटे, हा तुमचा एकमेव पराभव.

गोणपाट काढून टाकलं. जागा कोरडी व्हायला उन्हात ठेवली, तड्याच्या कडा दोन्हीकडून उतरत्या घासल्या, आणि मॅट बसवण्यासाठी मी अंगणात रेझिन कालवायला घेतलं. त्याचा वास तुम्हाला ठाऊक आहे. नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जातो. आई स्वयंपाकघरातून पदराने नाक धरून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"हाच," ती म्हणाली. "याच वासाने माझ्या ओट्यावरची डाळ टाकून द्यावी लागली होती. माझ्या उलथण्याने ढवळत होते. ते उलथणं गेलंच."

मी म्हटलं, "दगड लागला त्या दिवशी ना?"

"कसला दगड? उचलताना तडकली. मागे एक गडी जास्त लागला, चिखलातून झटक्यात ओढली आणि खाडकन वाजलं. यांनी आत बसून खोकल्यासारखं केलं, म्हणून त्या गड्यांना वाटलं डॉक्टर खोकले."

"मग दगड का सांगितला?"

"अरे, त्यांना कळलं असतं तर पुढच्या वेळी हात लावला असता का कुणी? लाजून लांब उभे राहिले असते. मग हे चिखलात बसून राहणार आणि गाय मरणार. त्याच संध्याकाळी चिकटवून रंग फासला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच जायचं होतं ना." ती हसू लागली. "मला म्हणाले, तू लोकांसमोर मला बोलत जा, म्हणजे खरं वाटेल. मग मी बोलले. चांगली बोलले."

तेवढ्यात हातातलं रेझिन घट्ट होऊन वाया गेलं. दुसरं कालवावं लागलं.

पुढचं काम मी जसं ठरवलं होतं तसंच केलं, त्यात तडजोड केली नाही. मॅट, पुट्टी, प्राइमर. प्राइमरवर काळ्याचा हलका फवारा मारून पुन्हा घासलं, कारण काळं जिथे उरतं तिथे खड्डा असतो. निळा रंग बॅटरीच्या पेटीखाली न घासलेल्या तुकड्याशी जुळवला. सकाळचं दव उठेपर्यंत पेंटरला फवाऱ्याची गन हातात घेऊ दिली नाही. ओलसर हवेत रंग पांढुरका पडतो. "शेठ, ही तर लगीन लावायच्या लायकीची झाली," तो म्हणाला. डाव्या मडगार्डवर तडा कुठे होता, हे आता मलाही बोटांनी चाचपून सांगता येत नाही.

आईला घेऊन जामसरला गेलो. ती पुढच्या सीटवर, पाय सरळ करून. ओहोळावर आता मोरी झाली आहे. पलीकडे झाडाखाली एक म्हातारे बाबा बसले होते, ते काठी टेकत आले आणि गाडीभोवती एक फेरी घालून डाव्या मागच्या चाकापाशी थांबले. मडगार्डच्या कडेखाली त्यांनी चार बोटं घातली, जशी जागा ओळखीची असावी.

"डॉक्टरांची," ते म्हणाले. "हितनं उचलायचू आमी. डॉक्टर आत. लय येळा उचलली, पन कंदी तडकली नाय. माल पक्का व्हता."

ते माझ्याकडे बघत होते. रंगाखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय मी आजवर काही विकलेलं नाही.

"कधीच नाही, बाबा," मी म्हटलं. "पक्का माल."

त्यांनी मान हलवली आणि बोटं काढून मडगार्डवर एक थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मी आत बसलो. आईने समोर बघतच सांगितलं, "चल. आणि दगड बघून चालव."

हे कागद मी दुकानातल्या खणात ठेवणार आहे. घरी नेले तर आई चष्मा लावून वाचेल आणि मग अडचण होईल. गोणपाट तुम्ही चुकीचंच लावलं होतं, हे माझं मत कायम आहे. धूळ पुसायला वेळ लागत नाही. तुम्हाला द्यायचं म्हणून जे उत्तर इतकी वर्षं तयार ठेवलं होतं, ते मात्र मी इथे कुठे लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. राहिली एक किरकोळ बाब. त्या दिवशी अंगणात रेझिन ढवळायला हाताशी काही नव्हतं, म्हणून मी ओट्यावरून आईचं उलथणं उचललं होतं. ते आता डब्यात उभंच्या उभं घट्ट बसलं आहे आणि ती ते गेले काही दिवस शोधते आहे. तिने मला विचारलंच, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. दगड तर तुम्ही वापरून टाकलात.