हप्त्यापायी काडीमोड

श्री. भिमाजीभाऊ यांना भाजे गावाहून हौशीरामचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? म्हैस व्याली का? तुमचं कार्ला इतकं जवळ असून पत्र लिहितोय, याचं नवल करू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि तुमची बहीण रतन माझं नाव दिसलं की फोन पिठाच्या डब्यात ठेवते, असं वहिनींकडून कळलं. (वहिनींना बोलू नका.)

झालं ते तुम्हाला एकाच बाजूने कळलं असेल, म्हणून ही दुसरी बाजू. गावात शेतकऱ्यांच्या सरकारी हप्त्याची तपासणी होती. आमचा सातबारा रतनच्या नावावर, हप्ता तिच्या खात्यावर. ते रास्तच आहे, कारण भात तीच लावते. मी रेल्वेतून रिटायर झाल्यापासून बांधावर उभा राहून सूचना करतो. पण कृषी खात्याच्या कौमुदी मॅडम चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काका, तुम्हाला पेन्शन आहे. नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब. काकूंचं नाव काढावं लागेल, आधीचे पैसेही परत भरावे लागतील." भाऊ, त्या पैशांचं खत आणलं, ते भाताने खाल्लं आणि भात आम्ही खाल्ला, आता परत काय भरू? तोंडातून निघून गेलं, "आमी एकत्र ऱ्हातच न्हाई, मॅडम! आमच्या दोन चुली हायत."

मागून प्रदीप ओरडला, "मग काल गाडीवर दोघं लोणावळ्याला कशाला गेलतात?" (हा प्रदीप म्हणजे आमचा शेजारी. याला मी पाइप उसना दिलाय.) लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि वेगळं राहण्याचं कारण विचारलं. आता कारण कुठून आणू? समोर बायांच्या घोळक्यात रतन बसलेली. तिच्याकडे न बघता म्हणालो, "तिचा सोभाव. तिच्यासंगं घरात मानूस टिकत न्हाई."

रतन उठली. "खरं हाय त्यांचं. लिवून घ्या, मॅडम," एवढंच बोलून ती घरी गेली, पिशवी भरली आणि कार्ल्याची वाट धरली. मी मनात म्हणालो, वा, काय साथ दिली! (टपरीवर चहा पिताना मी तिचं चारचौघांत कौतुकसुद्धा केलं.) दिवेलागणीला घरी आलो तर घरात अंधार, गॅसवर भांडं नाही. तेव्हा कळलं की बाई नाटक करत नव्हती.

आता मॅडम गुरुवारी घर पाहायला येणार आहेत. दोन चुली दिसल्या पाहिजेत, म्हणून ओट्यावर विटांची एक मांडून ठेवली आहे. (एकीवर धड भाकरी होत नाही, तिथे दुसरी.) जेवण जात नाही. दारात गाडी थांबली की आधी खिडकीतून बघून घेतो. मॅडम आल्या तर रतन नको आणि रतन आली तर मॅडम नकोत, असा जीव टांगणीला लागलाय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
हौशीराम

ता.क. रतनला समजावून पाठवा. पण शुक्रवारी. गुरुवार जाऊ द्या.

ता.क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि मॅडम बुधवारीच आल्या. त्यांनी दोन्ही चुली पाहिल्या, दोरीवरचं रतनचं पातळ पाहिलं आणि विचारलं, "काकू इथे राहत नाहीत ना?" मला नुसती मान हलवायची होती. भाऊ, ती हलली नाही. "माहेरी गेलीय, येईल," म्हणालो आणि मला रडूच फुटलं. मॅडमनी नाव काढलं, वसुलीचा कागद दिला आणि आत जाऊन मला पाणीही आणून दिलं.

ता.क. तिसरा. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र वहिनींच्या हाती देऊन मी तुमच्या घरासमोर मक्याच्या गाडीपाशी उभा आहे. आत यायचं धाडस होत नाही. रतनला बाहेर पाठवा. चावडीवर जे बोललो त्याची माफी मी इथे रस्त्यावर, सगळ्यांदेखत मागतो. हप्ता बंद झाल्याचं मात्र तुम्हीच तिला सांगा. मला एका वेळी दोन गोष्टींची माफी मागता येत नाही.