रतनचा खुंट

४ जानेवारी १९९४
आलो एकदाचा. कोपरच्या मागे खाडीच्या बांधावर पत्र्याची खोली आहे, ती आपली. खाट, स्टोव्ह, कंदील आणि ठाण्याच्या ऑफिसातून मिळालेली ही डायरी. चौथीनंतर पेन्सिल धरली ती आजच.

काम ऐकलं तर गावाकडे हसतील. चिखल मोजायचा. कुठल्यातरी थंड मुलखाचं सरकार आपल्या सरकारला पैसे देतंय, खाडी आणि तिवरं वाचवायला. त्यांचा गोरा साहेब सकाळी आलेला. आधी तो बर्फात काठ्या रोवून बर्फ किती वितळलं ते बघायचा म्हणे, आता इथे चिखलात रोवतो. ओहोटीला उतरायचं, काठीवरच्या खुणेशी गाळ चढला की उतरला ते लिहायचं. काम बरं वाटलं तर कायमचा ठेवू, असं त्याने दुभाष्याकडून सांगितलं.

मी माणचा. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. इथे पाणी स्वतःच येतं आणि स्वतःच जातं. भिवंडीचे माग, कल्याणचं गॅरेज, सगळं सोडून आलेलो. आईला पत्र टाकलं, आता हलत नाही म्हणून.

७ जानेवारी
गोमाजी कोळी आमच्या कामाची होडी वल्हवतो. मला म्हणतो, माणच्या माणसा, चिखल म्हणजे काय तुझं ढेकळाचं रान आहे का रे, टाच आपटत चालायला? बोटं आधी टाकायची आणि थांबायचं नाही. थांबला तो रुतला.

शेजारच्या घरात रखमाबाई राहते. एकटीच म्हातारी. तिने बोईट माशाचं कालवण आणून दिलं. मला बाला म्हणते. माजा रतन तुज्यासारकाच, म्हणाली. कुठे असतो विचारलं तर खाडीकडे हात केला. मासेमारीला जात असेल.

१३ जानेवारी
गोमाजी भाचीच्या लग्नाला अर्नाळ्याला गेला. जाताना बजावून गेला, खाडीत रोवलेल्या जुन्या खुंटांना हात लावायचा नाही. का, ते विचारलं तर म्हणाला, सांगितलं तेवढं ऐक.

आणि आज उधाणाने आमची एक काठी नेली. साहेब परवा येणार. पहिल्याच महिन्यात फजिती नको. रखमाबाईपाशी बोललो, तर ती उठून बांधावर आली आणि तिवरांच्या टोकाला एकटा उभा असलेला खुंट दाखवला. होडी नाय, जालं नाय, कोनाचा नाय तो, घेऊन टाक बाला. मी थट्टेने म्हटलं, मग तुम्हीच का नाही नेलात जळणाला? तर म्हणाली, घरच्यांना चालत नाय.

१४ जानेवारी
संक्रांत. खुंट काढला. वाटलेलं जोर लागेल, पण खालून कोणी ढकलावा तसा वर आला. टोकाला दोरीचे वेढे, त्यांत शर्टाची बाही. ती पाण्यात फेकली आणि खुंट आमच्या जागी रोवला, रंगाची खूण केली.

रखमाबाई सगळा वेळ बांधावर उभी. नंतर तिने तिळगूळ दिला आणि माझे दोन्ही हात धरून रडली.

१६ जानेवारी
साहेब काल खूश होऊन गेला. पण जुन्या जागचं भोक बुजत नाही. भरती वरून जाते तरी तसंच. आज त्याच्यापासून पावलं निघालेली दिसली. अनवाणी. बांधाकडे येणारी. तिकडे जाणारं एकही नाही.

१८ जानेवारी
पावलं आणखी पुढे. माझी भरतीने पुसतात, ही पुसत नाहीत.

माझ्या पायांचा चिखल निघत नाही. साबण लावला, रॉकेलने घासलं. घोट्यापर्यंत काळे. रोजच्या वाटेवर आज गुडघाभर रुतलो.

२० जानेवारी
पावलं माझ्या दारावरून गेली. थांबली नाहीत. रखमाबाईच्या उंबऱ्याशी संपतात.

दार लावलेलं. आत कोणीतरी खोकत होतं, घशातून पाणी पडावं तसं. ती समजावत होती — हलू, हलू रे माज्या बाला.

मला नव्हे.

२१ जानेवारी
गोमाजी परतला. आमच्या काठ्यांत तो खुंट बघितला आणि वल्हं हातातच राहिलं. शिव्या देईल वाटलं. दिल्या नाहीत. खाली बघून सांगितलं: बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही तर त्याच्या कपड्यासकट खुंट रोवतात. मग तो तिथेच बांधलेला राहतो. रक्ताच्या माणसाने ओढला तर खुंट हलत नाही. परक्याने ओढला तर बांधलेला सुटतो.

रखमाबाईचा रतन दोन पावसाळ्यांमागे बुडाला.

मी विचारलं, मग त्याची जागा रिकामीच राहते? गोमाजीने होडी वळवली.

२२ जानेवारी
पळतो. आजवर हेच तर जमलंय —

नाही जमलं. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर पाय रुतले. सुक्या सिमेंटच्या पायऱ्या. लोक बाजूने जात होते, ए बाजू हो, म्हणत होते. तोंडात खारं पाणी. मागे वळलो तसे पाय सुटले —

२३ जानेवारी
रखमाबाईच्या दाराशी डोकं टेकलं. फटीतून विचारलं तिने, तुला आय हाय? आहे म्हटलं. मग तिला समजंल माजं, म्हणाली. कडी घातली.

खुंट परत त्याच्या जागी रोवायचा. दुसरं काही सुचत नाही. रतनची बाही शोधली, कुठे मिळणार — माझ्या शर्टाची फाडून बांधली. कापड तर हवंच ना.

२४ जानेवारी
दुपारची ओहोटी. खुंट घातला. बसला एकदम घट्ट. वाटलं सुटलो —

पाय निघत नाहीत.

कमरेपर्यंत. डायरी खिशात होती. गोमाजीची होडी दिसते. हाका मारल्या. पाठ करून बसलाय —

बाही. माझी बाही बांधली मी. माझी —

बांधावर रखमाबाई. शेजारी कोणीतरी, ओला. पदराने त्याचं डोकं पुसतेय. इकडे बघत नाही.

पाणी चढतंय.

तो बघतोय. त्याला ठाऊक आहे आता कसं —

खाली पायाला दोरीचा वेढा प