ताईसाहेबांच्या विळख्यातली अंडी

३ मार्च
घातली एकदाची! सकाळी पिंजरा उघडला तर ताईसाहेब अंड्यांभोवती विळखा घालून बसलेल्या. अजगर असल्या म्हणून काय झालं, तोरा अगदी बाळंतिणीचा. जवळ गेले तर माझ्यावरच फुस्स. प्राणिसंग्रहालयात इतकी वर्षं मीच खायला घालतेय, आमचं क्वार्टरही पिंजऱ्याला लागूनच; त्याचं काही नाही.

जोडी मागच्या वर्षीचीच. तेव्हा सगळ्या पिल्लांत एकच निराळं निघालं होतं — अंगावर एक ठिपका नाही, सायीच्या रंगाचं. आठवड्यात गेलं बिचारं. प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर म्हणाले, "हा रंग नाही, दोष आहे. तुमच्या त्या घरी केलेल्या मशीनने अंडी भाजली." ते मशीन माझ्या नवऱ्याने जुन्या फ्रिजमधून बनवलेलं. आत बल्ब, पंखा, थर्मोस्टॅट. पावसाळ्यानंतर तो गेला. उत्तर द्यायला तो नाही, तर मी आहे.

अंडी एकमेकांना चिकटायच्या आत निम्मी काढून मशीनमध्ये ठेवली, निम्मी ताईसाहेबांजवळ राहू दिली. फिकं पिल्लू आईच्या विळख्यातूनही निघालं, तर रंग रक्तातलाच; मशीन सुटलं. नाहीतर भंगार. नवीन मशीन मंजूर झालंय, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

मशीनमधल्या प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली केली. सापाचं अंडं घातलं तसंच राहायला हवं. उलटलं की आतला जीव गुदमरतो.

४ मार्च
डॉक्टर — "आईजवळ? असं कोण ठेवतं हल्ली?"
मी ठेवते, म्हटलं.

१५ मार्च
सासरे आज आपणहून बोलले. मुलगा गेल्यापासून हो-नाहीच्या पलीकडे शब्द नाही. मागच्या खोलीत बल्ब लागलेला पाहून म्हणाले, "त्याचं मशीन चालू केलंस?" अंडी आहेत बाबा, म्हटलं. तर स्टूल घेऊन तिथेच जाऊन बसले. बरं वाटलं मला. माणूस खोलीबाहेर तरी आला.

१६ मार्च
बाबा आज दोन पोळ्या जास्त जेवले.

२ एप्रिल
मशीन उघडलं तर एकाही अंड्यावर फुली दिसेना. उचलून पाहिलं — कुणाची खाली, कुणाची कडेला.

बाबा मागे उभे. अगदी सहज म्हणाले, "मीच फिरवतो रोज. तू विसरतेस असं दिसलं." जन्मभर कोंबड्यांची हॅचरी चालवली त्यांनी. कोंबडीचं अंडं फिरवावंच लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. मुलाच्या मशीनची काळजी घेत होते ते! मी ओरडले. "विचारायचं तरी होतं! मारलीत सगळी!" या घरात माझा एवढा आवाज कधी चढला नव्हता. ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

३ एप्रिल
अंडी बॅटरीच्या उजेडात धरून तपासली. बहुतेकांत शिरा विझल्यात. दोन-तीन जिवंत वाटतात. बाबा जेवायला आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

१० एप्रिल
रडून झालं. आता ताईसाहेबांचाच आधार. गार वारा सुटलाय, तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देतेय बाई. पिंजऱ्याला घोंगडी लावायला गेले, तर काचेसमोर बाबा! स्टुलावर, दोन्ही हात काखेत घट्ट धरून. ओरडायला तोंड उघडलं होतं, मिटलं. चहा नेऊन दिला.

"फार बोलले मी तुम्हाला."
"कमीच बोललीस. पोराची अब्रू घालवली मी."

मग मीही जमिनीवर बसले त्यांच्याशेजारी. हार मानणार नाही, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

१ मे
मशीनमधून दोनच निघाली. तपकिरी, नेहमीची नक्षी. बाकीची फेकावी लागली. डॉक्टर म्हणाले, "दोन जगली हेच नशीब. भंगारवाला सोमवारी येईल." सोमवारपर्यंत वेळ आहे, म्हटलं.

४ मे
ताईसाहेबांकडची पिल्लं निघाली. तजेलदार, चपळ, एकाने तर माझ्या अंगठ्याला चावून घेतलं. एकेक उचलून उजेडात धरलं. तपकिरी. तपकिरी. तपकिरी. इतकी सुरेख पिल्लं आणि मला एकाचाही आनंद होईना, लाज वाटली स्वतःची.

अगदी तळाशी एक अंडं उरलंय, पिचकलेलं. डॉक्टर म्हणाले, "नासलंय, काढून टाका." ताईसाहेब विळखा सोडतील तेव्हा काढीन, म्हणाले मी. सोडला नाहीये तिने अजून.

घरी येऊन मशीन पुसलं. दाराच्या आत त्याने पेनने बाण काढून 'हळू लावणे' लिहिलंय, माझ्यासाठी. मी नेहमी आपटायची. आज हळू लावलं.

५ मे
बाबांनी हाक मारली. एवढ्या मोठ्याने, की मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. पिचकलेल्या अंड्याला चीर, चिरेतून नाक — सायीच्या रंगाचं. विळखा तसाच.

बाबांचे हात काखेत. "मी नाही हं हात लावला," म्हणाले. "आईनेच काढलं."