“पोरगा परमनंट हाये का?”

६ मार्च २०१६, कोंढा
धम्मदीप आज मला मागणी घालायला आला आणि बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पहिलाच प्रश्न – “परमनंट हाये का?” तो दिघोरीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन, अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. पठ्ठ्या नेमका त्या ब्रेकच्या दिवशीच आला! म्हणजे आज तो टेम्पररीही नव्हता. आणि हे त्यानं बाबांना खरंखरं सांगूनही टाकलं. शहाणा!

९ मार्च
झोप नाही.

१३ मार्च
बाबांची उतरंड – परमनंट, त्याखाली कंत्राटी, मग मानधनवाला, मग रोजंदारी. माणूस अगदी तळाला. मीही कंत्राटीच नर्स, पण ते कुणी काढत नाही. पोरीचं काय, नवरा परमनंट असला की झालं! कायम भरतीची परीक्षा दिली आहे, यादी काही लागत नाही. घरभर येरझाऱ्या घालते. आई म्हणते, “एका जागी बस न वो बाई!”

२० मार्च
तुमसरचा तलाठी पाहून गेला. परमनंट! पोहे खाताना मोबाइलच बघत होता, माझ्याकडे एकदाही नाही. बाबा खूश.

तो गेल्यावर आई भडकली. “आपल्या लगनाच्या वक्ताले तुमी कुठी होते परमनंट?” बाबा तेव्हा एसटीत रोजंदारीवर. मला वाटलं, बरी जिरली! पण बाबा हळूच म्हणाले, “म्हनूनच त म्हनून राहिलो, सुमन. कवा घरी बसवतीन, भरोसा नव्हता. तुवा भोगलं. हर्षानं काहून भोगावं?”

राग यायला हवा होता, रडू आलं.

२ एप्रिल
धम्मदीपचा फोन. “तलाठ्याले हो म्हन. माह्यं काही खरं नाही.” मूर्ख! फोन कापला. मग दिवसभर त्याच्या फोनची वाट पाहत बसले.

११ एप्रिल
यादी लागली. माझं नाव आहे! बाबा गल्लीभर पेढे वाटत फिरले. घरी आल्यावर सांगून टाकलं – लग्न धम्मदीपशीच.

“त्याचं परमनंट नाही न, बाई.”

“मी आहो न, बाबा!”

बाबांनी उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवला. मग आईला म्हणाले, “सकाळी दिघोरीची गाडी कितीले हाये वो?”