भुताने लावलेली कडी

प्रिय अक्षू,

परवा कोर्टात मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. तू नव्हतीस म्हणून सांगतो. सरकारी वकील म्हणाला, "तिघेही एकच टेप वाजवतायत, साहेब. स्वतःचा जीव वाचवायला मारलं म्हणे. अंबादास एक, हे तिघे. दार उघडं होतं, मग बाहेर का नाय पळाले? तर म्हणे बाहेरून कडी होती. कोणी लावली, भुताने?" सगळे हसले, माझंपण सुटलं. आरोपींच्या बाकावरून तुझ्या निलेशदादाने लगेच मागे वळून बघितलं. माझं हसू तो कुठेपण ओळखतो ना. आणि यार, त्याने मला हात केला.

तू लग्न करून मुलुंडला गेलीस ते बरं केलंस. इथे घाटकोपरला डोंगरावर आता काय मजा नाय. मंडळाच्या खोलीत कोण पाऊल टाकत नाय. तीन वर्षं झाली, पोरं कॅरमचं नाव काढत नाय. तुझी आई मला बघून म्हणते, "धाकू, तूच रे एक येतोस." तिच्या हातचा चहा मी तसाच ठेवून निघतो.

श्यामसुंदरकाकांना मी संडासात कोंडलेलं, आठवतंय? ते आतून एकेक इरसाल शिवी देत होते, मी बाहेर आरती म्हणत होतो आणि तू हसून हसून खाली बसलीस. बाहेर कडी दिसली की माझ्या हाताला खाजच सुटायची गं.

त्या संध्याकाळी अंबादास शहाळीवाला मंडळाच्या खोलीत घुसला. दारासमोर गाडी लावू नको म्हणून सकाळीच त्याचं पोरांशी वाजलं होतं. आत दादा, सुबोध आणि खंडू कॅरम खेळत होते. मी पायरीवर बसलेलो. मला वाटलं, आता शिव्यांची जुगलबंदी होणार, झकास! आईशप्पथ, त्याने पाठीमागे कोयता धरलाय ते मला दिसलं नाय. मी कडी सरकवली.

पहिल्या शिव्याच आल्या. मग कॅरम धाडकन पडला. मग दादा दार बडवायला लागला, "उघड रे, मारतोय हा!" मला वाटलं, नाटक करतायत. मी आरती म्हटली, अक्षू. बाहेर उभा राहून, टाळ्या वाजवून. मग आतलं सगळं एकदम गप झालं. मी कडी काढली आणि पळालो. लोक धावत आले तेव्हा दार उघडंच होतं, अंबादास मेलेला आणि कॅरमचा स्टँड तुटलेला.

कुर्ल्याच्या एका वकिलाला मी विचारलं, मित्राचं आहे म्हणून. तो म्हणाला, "वाट बंद होती हे पटलं तर तिघांना आधार आहे. पण कडी लावणारा त्यांचाच दोस्त निघाला, तर सरकार म्हणेल, अंबादासलाच कोंडून मारायचा प्लॅन होता. मग तुझा मित्र आरोपी नंबर चार." म्हणजे मी तोंड उघडलं तर तिघे सुटतील का चौघे जाऊ, देवाला माहीत. आणि खरं सांगू? तिघे शंभर टक्के सुटले असते ना, तरी मी बोललो नसतो. फाटते माझी.

सोमवारी निकाल आहे. काय लागणार ते दादाच्या वकिलाच्या तोंडावरच दिसतंय. तू दादाला भेटायला जायचं बंद केलंस, आईची शपथ घेऊन खोटं बोलतो म्हणून, ते तुझ्या आईनेच मला रडत सांगितलं. तेवढ्यासाठीच हे लिहितोय. तो खोटं बोलत नाय गं. दार बंद होतं. निकालाच्या आधी एकदा जा, आणि त्याला एवढंच सांग की तुझा विश्वास आहे. कसा बसला ते नको सांगू. त्याला नको, आईला नको, वकिलाला तर नकोच नको. वाचून झालं की हे गॅसवर धर. तुझ्या पाया पडतो अक्षू, कुणाला सांगू नको ना. कुणालाच नको.

तुझाच,
धाकू