पेला आणि गंगाळ

देहूरोड,
२४ मार्च २०२५

चि. प्रेरणास, प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. मी सांगतोय, तुझी काकू लिहून घेतेय. पाळकसाहेबांना कळवलंय, की यापुढे प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा पेला मी फिरवणार नाही. मंडळीतलं दुसरंही काम नको. एकतीस वर्षं केलं, पुरे.

तू रविवारच्या शाळेत शिकवतेस, तुला ठाऊकच आहे. जुन्या करारात अहरोनाच्या घराण्यातल्या याजकाला शरीरात व्यंग असलं, तर वेदीपाशी जायची मनाई होती. देवाच्या कामाला धड माणूस लागतो. लष्कराच्या डेपोतली सगळी नोकरी नियमानं केली, आता म्हातारपणी नियम मोडायचा नाही.

लोणावळ्याची हवा कशी आहे? परीक्षा संपल्या की ये.

तुझा काका,
हौशीराम

ता. क. हे माझं, त्यांना न सांगता. त्यांचे हात थरथरतात. या महिन्याच्या पहिल्या रविवारी पेला मंडळीतल्या लीलाबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडला. तेव्हापासून देवळात खिशात हात घालून बसतात. मला बघवत नाही गं. – रतनकाकू

लोणावळा,
२९ मार्च २०२५

ती. काकांना सप्रेम सलाम, वि. वि.

अक्षर काकूचं आणि हुकूम डेपोचा, असं पत्र मिळालं. काकूनं खाली काय लिहिलंय ते मी लपवत नाही. तुमच्या हातांचं कळलं. तिला रागावू नका, रागवायचं तर माझ्यावर.

नियम तुम्ही अर्धाच सांगितलात. त्या याजकाला वेदीपाशी मनाई होती, पण पवित्र भाकरीतला त्याचा वाटा कायम होता. घराण्यातून त्याला कुणी काढलं नव्हतं. तुम्ही मात्र स्वतःला काढून मोकळे झालात.

आणि याजकाचं सकाळचं पहिलं काम कोणतं, हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत. वेदीवरची रात्रीची राख काढायची, मग याजकाची वस्त्रं उतरवून दुसरे कपडे घालायचे आणि ती राख छावणीबाहेर नेऊन टाकायची. येशूनंही शेवटच्या रात्री अंगरखा उतरवला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. व्यंगाचं म्हणाल, तर आपला प्रमुख याजक येशू अहरोनाच्या घराण्यातला नव्हताच, आणि कबरेतून उठला तेव्हा त्याच्या हातांना खिळ्यांची भोकं होती.

पेला पाळकसाहेबांच्या लेकीला, प्रतीक्षाला द्या, ती सांभाळेल. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुतात ना? ते गंगाळ तुम्ही मागून घ्या. त्यातलं पाणी सांडलं तर चालतं.

लोभ आहेच, या पत्रानं थोडा कमी झाला असेल तर भरून घेईन.

तुमची,
प्रेरणा

देहूरोड,
२३ एप्रिल २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद आणि पुनरुत्थानाचा सलाम. वि. वि.

तू वकील व्हायला हवी होतीस. आठ दिवस चिडून होतो. मग शास्त्र काढून तपासलं, तर तू म्हणतेस तसंच निघालं. पाळकसाहेबांकडे गेलो, खिशातून हात काढून दाखवले आणि गंगाळ मागितलं. ते आत जाऊन रुमाल घेऊन आले.

गुरुवारी बारा खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवर लीलाबाई. कार्ल्याच्या भातखाचरांत झिजलेले पाय, टाचांना भेगा. माझे हात असे थरथरले, की पाणी त्यांच्या त्याच लुगड्यावर गेलं. मी थांबलो, उठून जावंसं वाटलं. त्या वाकून हळूच म्हणाल्या, की भाऊ, पान्याचा डाग पडत न्हाई, धुवा तुमी. मी धुतले. रडू आलं, ते त्याच रुमालानं पुसलं.

रविवारी पेला प्रतीक्षानं फिरवला. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं तो सोडला नाही, माझ्या हातांवर हात ठेवून धरला. एक थेंब सांडला नाही.

हे पत्र मी स्वतः लिहिलंय, तीन दिवस लागले. काकू म्हणाली, आणा, स्वच्छ उतरवून देते. मी नको म्हटलं. वाकडं आहे, पण वाचता येईल.

लोभ असू दे, आणि अशीच भांडत राहा.

तुझा काका,
हौशीराम