शंभर टनांतले दीड टन

३ फेब्रुवारी, मंगळवार

खोकं आलं. समुद्रापलीकडच्या कारखान्याकडून बोटीने परत आलेले नमुन्याचे दहा रिकामे डबे. दुपारभर तेच घासत होते. आधी साबण, मग साधं पाणी, मग स्पिरिटचा बोळा, मग छोट्या ओव्हनमध्ये वाळवण. तिकडे कुणाला तरी झाकणाच्या आत पेन्सिलीने खरडायची सवय आहे. दर खेपेला! काय खरडतात देव जाणे. नमुन्याच्या डब्यात पेन्सिलीचा काळा चुरा! एवढ्याशा चुऱ्याने आकडा बिघडू शकतो हे त्यांना कुणी शिकवलं नाही का? पुसून पुसून बोटं पांढरी पडली.

संध्याकाळी खोलीवर. शेजारच्या खोलीतली नर्स गेल्या आठवड्यात सोडून गेली. आता मजल्यावर मी एकटीच. नळ गळतो त्याचा आवाज येतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बंदरात बोट लागली. पट्ट्यावरून खाणीचा माल बोटीत जाताना दर अर्ध्या तासाने फावडंभर काढला. मग नेहमीचं — ताडपत्रीवर ढीग, ढीग चपटा, चार वाटे, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा एकत्र. असं करत करत शेवटी मूठभर राहतं. ते दळून पीठ. बोटीच्या मालाचे असे दहा भाग, आणि दर भागाच्या पिठाचे तीन डबे: एक माझ्या तपासणीला, एक बोटीबरोबर पलीकडच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेला, एक सीलबंद कपाटात.

माझा आकडा, दहांची सरासरी: १.६० टक्के लिथियम. तीनदा केलं. तीनदा तेच.

काट्यावरचे काका — ट्रक वजन करतात ते — चहा घेऊन दारात उभे. "काय ताई, किती निघालं?"

म्हटलं, शंभर टनांत एक पूर्णांक सहा दशांश टन.

"आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव?"

"नुसता दगड."

"म्हणजे भाडं भरून दगडाला समुद्रावर फिरायला नेतात! चिमूटभर मीठ पाहिजे म्हणून अख्खा समुद्र घरी उचलून आणल्यासारखं झालं की हे."

मी हसले. आज दिवसभरात कुणाशी बोलले ते एवढंच.

पण ते खरं आहे. या बोटीत चाळीस हजार टन. त्यातलं कामाचं सहाशे चाळीस. उरलेल्याचं भाडं आमच्याच किमतीतून कापतात. इथेच दगडातून लिथियम काढायची भट्टी असती तर दगड इथेच राहिला असता, आणि बोटीत फक्त लिथियमची पांढरी पूड गेली असती. थोड्या गोण्या, दसपट भाव.

८ फेब्रुवारी, रविवार

आप्पांचा फोन. खाणीवर दगड फोडायचा क्रशर चालवून चालवून कान गेलेत, म्हणून ओरडून बोलतात आणि माझं अर्धंच ऐकतात. "जेवलीस का?" तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं.

मग म्हणाले, खाणीत बोलतात की भट्टी होणार. मोठ्या ऑफिसची बैठक आहे महिनाअखेरीला. माल दीडच्या वर असेल तर भट्टी परवडते. नसेल तर नाही, आणि खाणीचे खालचे दोन टप्पे पण बंद.

क्रशर खालच्या टप्प्यावर आहे.

"तू तर एक सहा म्हणतेस ना गं?"

"हो आप्पा."

"मग झालं!" आणि मागे आईला ओरडून — "झालं म्हणते ती!"

झालं असं मी म्हटलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पलीकडचा अहवाल आला, डिसेंबरच्या बोटीचा. सगळे दहा डबे १.३१ ते १.३६. माझे होते १.५८ ते १.६३.

पाचवी बोट. पाचही वेळा तिकडचा आकडा कमी. पैसे तिकडच्या आकड्यावर मिळतात, तसा करारच आहे.

कागद घेऊन प्रयोगशाळेचे साहेब स्वतः आले. माझ्या टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

११ फेब्रुवारी, बुधवार

हाच दगड समुद्र ओलांडताना गरीब कसा होतो?

माझंच चुकत असणार. काय चुकतं? आम्ल जुनं? वजनाचा काटा? पीठ जाड? सगळं पुन्हा तपासलं. ती ठरीव आकड्याची बाटली आहे ना, जिच्यात किती आहे ते आधीच छापलेलं असतं — ती बारा वेळा चालवली. बारा वेळा छापल्याप्रमाणेच आलं.

बाटली म्हणते मी बरोबर. अहवाल म्हणतो मी चूक. बाटलीला सही करता येत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

धीर करून साहेबांकडे गेले. म्हटलं, कपाटातला तिसरा डबा तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवू या. भांडण मिटवायलाच तर तो ठेवतात.

"अगं, तिसरा डबा उघडायचा म्हणजे गिऱ्हाइकाला तोंडावर खोटारडा म्हणायचं. एकच गिऱ्हाईक आहे आपलं. उद्या त्याने बोट पाठवली नाही तर हा डोंगर काय डोक्यावर घेऊन फिरायचा?"

"पण माझा आकडा—"

"तुझा आकडा, तुझा आकडा! त्यांच्याकडे पन्नास माणसं आहेत, करोडोची यंत्रं आहेत. आपल्याकडे काय आहे? तू आहेस."

रागाने नाही म्हणाले. दमल्यासारखे म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठवीत होते. घरात वाचता येणारी मी एकटीच. कुणाचंही पत्र, पावती, औषधाची चिठ्ठी — "तिला दाखवा." आत्याच्या इस्पितळाच्या कागदावर तारीख होती. मी सात वाचली. ती एक होती. आम्ही पोचलो तेव्हा मोठे डॉक्टर येऊन गेलेले. परत यायला महिना होता. आत्याला तेवढा महिना मिळाला नाही.

कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तीनदा बघते. सगळंच. कुलूपसुद्धा.

आज आप्पांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी एक टाइप केलेला कागद दिला. त्यात लिहिलेलं: सुरुवातीपासून मी वापरलेल्या पद्धतीत दोष होता, त्यामुळे माझे सर्व आकडे चढे आले, पलीकडचे आकडे ग्राह्य धरावेत. खाली माझं नाव. नावावर रिकामी रेघ.

"गुरुवारपर्यंत सही कर. बैठकीआधी मोठ्या ऑफिसला गेला पाहिजे. तुझ्यावर काही येणार नाही. नवीन मुलगी, चुकली, शिकली. फार तर बदली."

विचारलं, दोष नेमका कुठला? मला सांगा, मी दुरुस्त करीन.

साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "माझी पोरगी तुझ्याएवढीच आहे गं."

याचा काय अर्थ?

१८ फेब्रुवारी, बुधवार

मीच फोन केला. आप्पांना सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, भिंतीपलीकडे कुणी नाही हे बरंच झालं.

या वेळी आप्पा ओरडले नाहीत. 

"दगड रोज माझ्या हातातून जातो. हिरवट धार तशीच आहे. वजन तसंच आहे." आणि मग — "पण मी काय, अंगठेबहाद्दर. तू शिकलेली. तू म्हणशील ते खरं."

तिकडून आईचा आवाज: "तिला म्हणावं आधी जेव!"

तू म्हणशील ते खरं. आत्याच्या वेळीसुद्धा ते हेच म्हणाले होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सही केली.

पन्नास माणसं खोटं बोलत असतील की एक मी चुकत असेन? कुणीही सांगेल. आणि सहीच्या आधी हात धुतले, नमुन्याला हात लावण्याआधी धुते तसे. का, ते माहीत नाही.

साहेबांनी कागद टपालाच्या पिशवीत टाकला. उद्या चारला गाडी नेते. माझ्या खांद्यावर थोपटणार होते बहुतेक, हात मध्येच मागे घेतला.

आप्पांना सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हे प्रयोगशाळेत बसून लिहितेय. खोलीवर जाईपर्यंत थांबता येणार नाही.

दुपारी दुसरं खोकं आलं. दहा डबे. धुवायला घेतले. सात नंबरच्या झाकणातलं खरडलेलं निघेना. साबणाने नाही, स्पिरिटने नाही, तारेच्या घासणीने नाही. चिडून दिव्याखाली धरलं.

या वेळी पेन्सिल नव्हती. खिळ्याने कोरलंय, खोल. १.६१. खाली डिसेंबरच्या बोटीची तारीख.

माझी वही काढली. डिसेंबर, डबा सात: १.६१. त्यांच्या अहवालात डबा सात: १.३४.

उरलेली नऊ झाकणं धुतली नव्हती. त्यांत पेन्सिलच. नऊ आकडे. नऊही माझ्या वहीतलेच.

म्हणजे त्या पन्नासांत कुणीतरी एक आहे. जे बघतं ते लिहितं, आणि अहवालात ते बदललं जातं. आणि दर खेपेला त्याला की तिला आपलेच डबे परत मिळत होते — लख्ख, चकाचक, एक अक्षर न उरलेले! अकरा महिने कुणीतरी मला लिहीत होतं, आणि मी पुसून पाठवत होते. म्हणून शेवटी खिळा घेतला.

तीन वाजून दहा मिनिटं झालीत. टपालाची पिशवी अजून साहेबांच्या खुर्चीजवळ आहे, इथून दिसते.

झाकणं रुमालात बांधली. हात धुतलेले नाहीत. जाते.